अव्वाच्या चित्राची पाठ

राजारामपुरी, कोल्हापूर
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चि. बसवेश आणि सौ. महानंदा,

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. ही वेळ मी तुमच्या नव्या हॉलमधल्या नव्या घड्याळात पाहिली, कारण त्या घड्याळाशेजारीच आपल्या आईचं, अव्वाचं चित्र टांगलेलं होतं आणि ते उलटं होतं. डोकं खाली, पाय वर असं उलटं नव्हे. त्याची पाठ पाहुण्यांकडे होती आणि तोंड भिंतीकडे.

शनिवारी बसवेश घरभरणीच्या फुलांसाठी कोल्हापुरात आला तेव्हा ते चित्र मी चादरीत गुंडाळून त्याच्या गाडीत ठेवलं होतं. चादर घरी गेल्यावरच सोड, असं बजावलंही होतं. चादर सोडल्यावर काय करायचं हेही सांगायला हवं होतं, असं दिसतं.

त्या वेळी स्वामींची पाद्यपूजा चालू होती, म्हणून मी तोंड उघडलं नाही. हुग्गीचं गोड ताट न घेता मी एसटीने परत आले. मी गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

आता नीट वाचा. हे भरतकाम नाही. माझ्याकडे जी सुई आहे तिला पंच नीडल म्हणतात. तिला लाकडी मूठ असते आणि ती आतून पोकळ असते. लोकर मुठीतून शिरून टोकाला बाहेर येते. कापड चौकटीवर कडक ताणायचं, सुई मुठीपर्यंत खुपसायची आणि आली त्याच वाटेने मागे घ्यायची. गाठ मारायची नाही. कापडाच्या खाली लोकरीचा एक फास राहतो. असे फास दाटीने उभे राहिले की चित्र होतं. म्हणजे आपण डोळ्यांसमोर करतो ती चित्राची पाठ, आणि तोंड खाली, आपल्याला न दिसता तयार होतं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी मला जेवढे टाके शिकवले त्यांतला एकही इथे चालला नाही. सुरुवातीला मी सवयीने सुई वर उचलायची आणि ओळच्या ओळ निसटून मांडीवर यायची. माझ्या वर्गात सगळ्या पोरी. शिकवणारी मोना माझ्या भाचीपेक्षा लहान. ती मला म्हणाली, "आंटी, कापडाला सोडू नका, सुईने कापडावरून चालत जा." या वयात मी चालायला शिकले.

फास सुटू नयेत म्हणून पाठीला डिंक फासतात. तो वाळलेला डिंक तुम्ही सबंध कुरुंदवाडाला दाखवलात.

जुनं घर पाडलंत, त्याला मी हरकत घेतली नाही. नव्या घरात माझ्या हातची अशी एकच वस्तू आहे. ती भिंतीला तोंड करून का उभी आहे, एवढंच मला कळायला हवं. फोन करू नका. माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. फोनवर माणसं काय सांगतात आणि काय गिळतात, ते मी पुष्कळ ऐकलं आहे. लिहून कळवा.

शांभवी


कुरुंदवाड
१४ नोव्हेंबर

ती. शांभवीअक्कांना महानंदाचा शरणार्थ,

पत्र पोचलं. वाचून वाईट वाटलं. तुम्ही न जेवता गेलात हे आम्हाला पंगत उठल्यावर कळलं. हे स्टँडपर्यंत गाडी घेऊन पळाले, पण एसटी निघून गेली होती.

चित्राचं म्हणाल तर आमचा घोटाळा झाला. फासांची बाजू आम्हाला मागची वाटली. आपल्या साडीच्या काठाला मागून कसे धागे लोंबतात, तसं वाटलं. दुसरी बाजू सपाट, रेघ न् रेघ स्पष्ट, म्हणून तीच पुढची समजून लावली. अडाणी माणसं आम्ही, तुमच्या सुईचं शास्त्र आम्हाला काय कळणार? गर्दीत कुणाला विचारायला सवडही नव्हती.

चित्र फार सुंदर आहे. अव्वांच्या कपाळावरची विभूती तर अशी आली आहे की मी तिथं बोट लावून बघितलं. येणारे जाणारे विचारतात, कुणी केलं. हे म्हणतात, आमच्या अक्कानं दाभणानं केलं. दाभण नव्हे हो, असं मी सांगते, पण पोती शिवणाऱ्या माणसाला दुसरी सुई माहीत नाही.

हुग्गीचा डबा पाठवते आहे. ताजी केली आहे. राग डब्यावर काढू नका.

तुमची,
महानंदा


कोल्हापूर
१७ नोव्हेंबर

महानंदा,

डबा पोचला. हुग्गी चांगली होती. तुझं पत्र चांगलं नव्हतं.

चित्राच्या चौकटीला फ्रेमवाल्याने मागून खाकी कागद लावला होता आणि कडेने बारीक खिळे मारले होते. टांगायची कडीही मागेच होती. ज्याला पुढची बाजू कळत नाही तो माणूस चित्र कडीला धरून टांगतो आणि मोकळा होतो. चित्र उलटं लावायचं तर कुणीतरी खाली बसून पक्कड घ्यायची, खिळे उपसायचे, कागद फाडायचा, चित्र फिरवायचं आणि पुन्हा खिळे मारायचे. हा घोटाळा नव्हे, हे सुतारकाम आहे. गर्दीत सवड नव्हती म्हणतेस, आणि सुतारकामाला होती?

तू अडाणीही नाहीस. बी.ए.ला तुला संस्कृतमध्ये माझ्यापेक्षा जास्त गुण होते, हे मला लग्नाच्या बैठकीत तुझ्या काकांनी सांगितलं होतं, मी विचारलं नसताना.

मग का? मला एवढंच सुचतं की चित्र तुम्हाला आवडलं नाही आणि तोंडावर सांगायची हिंमत नाही. किंवा बसवेशच्या पोटात अजून ते जुनंच आहे, की आप्पांनी मला कोल्हापूरला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात ठेवलं आणि त्याला नगरपालिकेच्या शाळेत घातलं. सहा वर्षांच्या पोरीला विचारून बोर्डिंगात ठेवत नाहीत, हे त्याला सांग.

संशय नको म्हणून मी मोनाकडे गेले. विचारलं, पुढची बाजू कोणती? तर ती म्हणते, "आंटी, ज्याला जी आवडेल ती. काही जण सपाट बाजू पण दाखवतात." हे ऐकून माझं डोकं फिरलं. पुढे आणि मागे हे आवडीवर असतं, तर आम्ही फी कशाची दिली? घरी येऊन मी एक छोटा तुकडा केला. पान काढलं. इकडून पान, तिकडूनही पान. दोन्ही बाजू बघत बसले. कळलं काहीच नाही.

चुकले असेन तर कुठे चुकले, ते तरी सांगा. मोना सांगते ते सगळं मी पाळलं होतं. ती म्हणाली होती, नाव घालायचं असेल तर अक्षरं उलटी काढा, नाहीतर पुढून वाचता येणार नाहीत. मी नाव घातलंच नाही. आईच्या चित्राखाली नाव कशाला लागतं? बसवेशने जुन्या घराच्या सोप्यात काढलेला तो फोटो, अव्वा पूजेला बसलेली, जसाच्या तसा कापडावर उतरवला. चार महिने रोज समोर घेऊन बसले. तिच्या चेहऱ्याची एक ओळ मला चुकलेली दाखव.

शांभवी


कुरुंदवाड
२० तारीख

अक्का,

मला लिवायची सवय न्हाय, तरी लिवतोय. फ्रेम मी उघडली. पक्कड माझी, खिळं माझं. नंदाचा काय बी संबंध न्हाय. ती तुला खोटं लिवली ती माझ्यापायी.

का उघडली ते इचारू नगंस. चित्र झ्याक हाय. अव्वा बोलतीय की काय असं वाटतंय. स्वामी घरात यायच्या आधी फिरवायला पायजे होतं म्हणून फिरवलं, बास. आता तसंच ऱ्हाऊ दे. आवडलं न्हाय म्हणून केलं असं मनात बी आणू नगंस.

आणि त्या शाळेचं मी कवा काय बोललो? तू इंग्रजीत शिव्या देतीस त्याचं मला कौतुकच हाय.

दुकानात पेंडीची गाडी आलीया. थांबतो.

बसू


कोल्हापूर
२४ नोव्हेंबर

बसवेश,

तुझं पत्र वाचून मला जे थोडंफार कळत होतं तेही कळेनासं झालं.

स्वामी यायच्या आधी! म्हणजे माझ्या चित्रात असं काही आहे जे स्वामींनी पाहू नये? मी दोन दिवस विचार करते आहे. तुम्हाला लोकर शिवाशिवीची वाटली असेल, तर ती मेंढीची नाही, ॲक्रिलिकची आहे. वेष्टन जपून ठेवलं आहे, पाठवते. डिंकात हाडं असतात असं कुणी तुमच्या डोक्यात भरवलं असेल, तर बाटलीवरचा मजकूर मी भिंग घेऊन वाचला, त्यात तसं काहीही नाही. आणि डिंकाचाच विटाळ असेल, तर तुम्ही डिंकाचीच बाजू स्वामींपुढे केलीत! मग विटाळ कशाचा? लोकरीचा म्हणावा तर तीही दोन्हीकडून दिसते. तुमच्या वागण्याला पुढची बाजू आहे की नाही, का तीही ज्याला जी आवडेल ती?

की मी केलं म्हणून? मी पूजा करत नाही, माझं इष्टलिंग चांदीच्या डबीत कपाटात असतं, माझे यजमान सोमवारी देवळात जायचे ते फक्त प्रदक्षिणेच्या रस्त्यावर चहा मिळायचा म्हणून. हे सगळं खरं आहे. पण तसं असेल तर माझ्या तोंडावर म्हणा, "शांभवी, आमच्या अव्वाला तू हात लावू नकोस." ती माझीही अव्वा होती. तुम्हाला रोज मिळाली, मला सुट्टीत मिळाली, एवढाच फरक.

"विचारू नकोस" हे उत्तर मी खात्यात कुणाकडून ऐकून घेतलं नाही, धाकट्या भावाकडून तर मुळीच घेणार नाही. कारण सांगायचं नसेल तर चित्र परत पाठवा. माझ्या घरात ते पुढून लागेल. मग तुमच्या हॉलमध्ये माझं काही नाही, आणि मीही पुन्हा तिथे पाय ठेवणार नाही.

शांभवी


कुरुंदवाड
२८ नोव्हेंबर

ती. अक्का,

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. यांनी अव्वांची शपथ घातली होती. शपथ मोडते आणि तुम्हाला सांगते, कारण तुम्ही या घरात पाय ठेवणार नाही असं लिहिलंत.

अक्का, चित्रातला हात बघा.

अव्वांनी इष्टलिंग उजव्या तळव्यावर घेतलं आहे. आपल्या लिंगायतांत ते डाव्या तळव्यावर घेतात. डावा हात लिंगाचं आसन, उजव्या हाताने पूजा. हे चुकणं म्हणजे, काय सांगू, नवरीने नवऱ्याच्या ऐवजी भटजींना हार घातल्यासारखं आहे.

शनिवारी रात्री यांनी चादर सोडली. सगळ्यांत आधी मी चेहरा बघितला आणि डोळ्यांत पाणी आलं. मग हाताकडे लक्ष गेलं. मी म्हटलं, "अहो, अव्वांचा हात बघा."

"काय झालं हाताला? पाच बोटं हाईत की."

"बोटं मोजू नका. हात कुठला ते बघा."

यांनी स्वतःचा हात पुढे केला, चित्राकडे बघितलं, पुन्हा हात बघितला आणि तिथंच जमिनीवर बसले. मी म्हटलं, अक्कांना फोन करते, त्यांच्याकडून नजरचुकीने झालं असणार. तर म्हणाले, "रातच्याला फोन करून काय सांगणार? तिनं चार म्हयनं डोळं फोडल्यात." मी म्हटलं, मग उद्या नको लावायला, चादरीतच राहू दे, आठ दिवसांनी निवांत सांगू. त्यावर चिडले. "अक्का दारातनं आत आली की आधी भिंत बघणार. चित्र न्हाय दिसलं तर तिला काय वाटंल? आणि लावलं तर चिमणाकाकू चष्मा लावून येणार. कॉन्व्हेंटात शिकलेल्या लेकीला आईचा पूजेचा हात ठावं न्हाय, असं माझ्या दारात कोण बोललं तर मी हुग्गीचं पातेलं पालथं करीन!"

मग ते चित्र हातात घेऊन इकडे तिकडे फिरवत बसले होते. मागचा खाकी कागद एका बाजूने फाडला, दिव्यासमोर धरलं आणि एकदम म्हणाले, "नंदा, हिकडनं हात बरोबर हाय!" मागच्या बाजूने बघितलं तर अव्वांचा डावाच हात. तेव्हा पक्कड आणली. डिंकामुळे अव्वा जरा धुक्यात बसल्यासारख्या दिसतात, पण हात बरोबर आहे. आम्हाला वाटलं, तुम्हाला फार तर बाजूची चूक वाटेल, आम्ही वेंधळे ठरू आणि विषय संपेल. तुम्ही खिळे मोजाल हे ध्यानात आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल ते करू. पण चित्र परत मागू नका.

महानंदा


कोल्हापूर
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

महानंदा,

तुझं पत्र वाचल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे तुला खोटं ठरवण्यासाठी फोटो काढला. फोटोत डावा हात. कापडावर पेन्सिलने उतरवला तोही डावा. चार महिने मी जिच्या डोळ्यांत बघून सुई खुपसत होते त्या अव्वाचाही डावा. मग उजवा आला कुठून?

मोनाला फोन केला. ती म्हणाली, "आंटी, मी सांगितलं होतं ना, उलटं काढायचं."

"तू अक्षरांचं सांगितलं होतंस."

"हो, पण खालून बघितल्यावर माणूस पण उलटा होतोच ना, आंटी."

हे तिला वर्गात सांगता आलं असतं. माणसांना अक्षरांइतकाच नियम लागू आहे, हे मी गृहीत धरायचं होतं म्हणे. तिला मी एक स्वतंत्र पत्र लिहिते आहे.

पण तिच्यावर किती ओरडू? काम संपल्यावर मी चौकट फिरवली, फासांची बाजू पहिल्यांदा वर आली, तेव्हा अर्धा तास मी तिच्यासमोर बसले होते. विभूती बघितली, गालाचं हाड बघितलं, कानातली कुडी बघितली. हात बघितला आणि मला तो बरोबर वाटला. तुला एका क्षणात दिसलं, मला अर्ध्या तासात दिसलं नाही. यात सुईचा दोष किती आणि माझा किती, याचा हिशोब मला लागत नाही.

आता तुमच्याबद्दल. माझी चूक झाका, असं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. सदुसष्ट वर्षांच्या बाईला तिची चूक तोंडावर सांगायची नाही, हा कोणता मान? मला सांगितलं असतंत तर मी त्याच रात्री गाडी करून आले असते, चित्र उचललं असतं आणि चिमणाकाकूंना दारातच सांगितलं असतं की भिंत रिकामी आहे कारण शांभवी चुकली. हे मला जमलं असतं. तुम्ही मला दुबळी समजलात याचा मला जास्त राग आहे. बसवेशला हे वाचून दाखव. पातेल्याचं जे बोलला त्याबद्दल मात्र त्याला काही म्हणू नकोस.

ते चित्र परत नको. नवं येईपर्यंत आहे तसंच राहू दे.

होय, नवं. कापड ताणून झालं आहे. फोटो खिडकीच्या काचेला उलटा लावून मागून रेघा उतरवल्या. आणि आता नवाच घोळ आहे. आता सुई खुपसताना माझ्यासमोर चुकीची अव्वा असते, उजव्या हाताची, आणि बरोबर अव्वा खाली, मला न दिसणारी. दर दहा मिनिटांनी मला वाटतं आपण पुन्हा चुकतो आहोत. काल तळव्यावर लिंबू ठेवून आरशासमोर बसले. आरशातल्या बाईचा हात कोणता आणि माझा कोणता, यात लिंबू खाली पडलं. मोनाला कळवलं तर म्हणाली, "सुईवर विश्वास ठेवा, आंटी." मी पहिल्या वेळी तेच केलं होतं.

पण खरी अडचण वेगळी आहे. बसवेशने फोटो काढताना स्वतःचा अंगठा मध्ये आणला आहे. अव्वाचा उजवा हात त्या अंगठ्यामागे गेला. पहिल्या चित्रात मी तो मनानेच पदराखाली घातला होता आणि कुणी त्यावर बोट ठेवलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष दुसऱ्या हातावर. या वेळी मला तो पदराखाली घालायचा नाही. मी सुट्टीत यायची तेव्हा उठेपर्यंत अव्वाची पूजा झालेली असायची. ती विभूती पुसत स्वयंपाकघरात यायची तीच मला आठवते. तू तीस वर्षं रोज तिच्या शेजारी बसलीस.

तेव्हा लिहून कळव. डाव्या तळव्यावर लिंग असताना तिचा उजवा हात कुठे असायचा? गुडघ्यावर की छातीशी? बोटं मिटलेली की सुटी? पाणी घालताना मनगट वळायचं का? नजर तळव्यावर असायची की डोळे मिटलेले? ओठ हलायचे का, आणि हलत असतील तर ती काय म्हणायची? "साधारण", "बहुतेक" असले शब्द नकोत. आठवत नसेल तर त्याच जागी, त्याच वेळेला बस आणि आठव. मला विचारू नकोस, मला माहीत नाही.

बाकीचं चित्र मी पुढे नेते आहे. उजव्या हाताला तुझं पत्र येईपर्यंत सुई लावणार नाही. उत्तर लेखी हवं, तुझ्या अक्षरात, स्पीड पोस्टाने, सोमवार, १५ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत.

शांभवी